सुपांतले आणि जात्यांतले

‘जात्यांतले रडतात आणि सुपांतले हंसतात’ ही म्हण लहानपणापासून प्रत्येकाच्या कानांवरून गेलेली असते. तिचा नेहमींचा अर्थ इतकाच कीं, आज जो हंसतो आहे त्याचीहि पाळी उद्यां येणार आहे; तेव्हां त्यानें हंसूं नये. हा अर्थ व्यवहाराला पुरेसा आहे, परंतु नीतीच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास तो अपुरा वाटतो. कारण सुपांतल्या दाण्यानें न हंसण्याचें जें कारण येथें सुचविलें आहे तें भीतीचें आहे, विवेकाचें नाहीं. समजा, सुपांतला एखादा दाणा खालीं सांडला, कोपऱ्यांत घरंगळला आणि जात्याच्या तोंडीं कधींच पडला नाहीं. मग त्याचें हंसणें निर्दोष ठरेल काय? ज्याची पाळी येणारच नाहीं त्यालाहि जात्यांतल्याविषयीं कांहीं कर्तव्य आहे काय? ह्या प्रश्नाचा विचार करावयास समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळासारखें दुसरें उदाहरण नाहीं. दुष्काळ हळूहळू येतो, भूकंप न सांगतां येतो. वादळ मात्र सांगून येतें, आणि सांगून येत असतांहि नेमकें कोणाच्या दारीं जाणार हें शेवटच्या घटकेपर्यंत पुरतें उघड करीत नाहीं.

२०२० सालच्या जून महिन्याचे पहिले तीन दिवस वाचकांच्या स्मरणांत असतील. करोनाच्या सांथीमुळें देश घरांत बसला होता. पुणें-लोणावळें लोहमार्गावर देहूरोड आणि घोरावाडी ह्यांच्यामध्यें आमचें बेगडेवाडी हें लहानसें स्थानक आहे. त्याच्या फलाटावर मार्च महिन्यापासून लोकलगाडी थांबली नव्हती. अशा वेळीं अरबी समुद्राच्या आग्नेय भागांत ३१ मे रोजीं कमी दाबाचें क्षेत्र तयार झालें. १ जूनला तें अधिक गडद झालें. २ जूनला दुपारीं त्याला चक्रीवादळ ही संज्ञा आणि बांगलादेशानें सुचविलेलें ‘निसर्ग’ हें नांव मिळालें. ३ जूनच्या पहांटे तें तीव्र चक्रीवादळ बनलें, आणि त्याच दिवशीं दुपारीं साडेबारा ते अडीच ह्या वेळांत अलिबागच्या किंचित् दक्षिणेस किनारा ओलांडून जमिनीवर आलें. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर असून मधूनमधून त्याचे झोत १३० पर्यंत जात होते.

हें वादळ बळावत असतां वेधशाळेनें जे इशारे दिले त्यांत काय नव्हतें? कौलें व पत्रे उडतील, कच्चीं घरें पडतील, झाडें उन्मळतील, विजेचे व दूरध्वनीचे खांब आडवे होतील, पिकांची व बागांची हानि होईल. आणि मुंबई, ठाणें व रायगड ह्या जिल्ह्यांच्या सखल भागांत भरतीच्या पातळीहून एक ते दोन मीटर अधिक उंच पाणी चढेल, हें सर्व आधींच सांगण्यांत आलें होतें. सांगतां आलें नाहीं तें एवढेंच कीं, ह्यांतील कोणता घाव नेमका कोणत्या गांवावर पडेल.

हें सांगणें अवघड कां असतें तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. कारण पुढील सर्व विचार त्यावर उभा आहे. चक्रीवादळाला बळ समुद्र देतो. तापलेल्या पाण्याची वाफ वर चढते, वर थंड होऊन तिचे पुन्हा जलबिंदु होतात, आणि वाफ होतांना जी उष्णता तिनें पोटांत घेतली होती ती त्या वेळीं बाहेर पडते. त्या उष्णतेनें हवा आणखी वर चढते, खालचा दाब आणखी उतरतो आणि भोंवतालचा वारा आणखी वेगानें आंत धांवतो. पृथ्वीच्या परिवलनामुळें तो सरळ न जातां भोंवरा धरतो. उत्तर गोलार्धांत हा भोंवरा घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरतो. त्यामुळें वादळ ज्या दिशेला चाललें असेल तिच्या उजव्या अंगाला वाऱ्याचा वेग आणि वादळाच्या चालीचा वेग ह्यांची बेरीज होते, आणि डाव्या अंगाला वजाबाकी होते. शिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उजव्या अंगाचा वारा समुद्राकडून जमिनीकडे येत असल्यामुळें तो पाणी किनाऱ्यावर लोटतो. डाव्या अंगाचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. म्हणजे वादळाच्या मार्गाची रेषा चाळीस-पन्नास किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकली कीं बेरीज कोणाच्या वांट्याला आणि वजाबाकी कोणाच्या वांट्याला हें उलटेंपालटें होतें. ३ जूनला ती रेषा अलिबागच्या दक्षिणेस पडली. मुंबई डाव्या अंगाला राहिली. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली हीं ठिकाणें उजव्या अंगाला सांपडलीं.

त्या सायंकाळीं ‘मुंबई वाचली’ ही वार्ता घरोघरीं पोंचली आणि लाखों लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच सायंकाळीं श्रीवर्धनच्या वाड्यांतून पोफळी मधोमध मोडून पडल्या होत्या आणि माड मुळांसकट आडवे झाले होते. पोफळीची बाग म्हणजे एका हंगामाचें पीक नव्हे. रोप लावल्यापासून सुपारी हातीं येण्यास पांच-सात वर्षें जातात, आणि एकदां धरूं लागलेलें झाड पुढें कित्येक वर्षें देत राहतें. आजोबांनीं लावावें, बापानें जोपासावें आणि नातवानें त्यावर शिकावें, असा तो तीन पिढ्यांचा संसार असतो. तो दोन-तीन तासांत मोडला. वीज तर कांहीं गांवांत कित्येक आठवडे आली नाहीं. आतां प्रश्न असा कीं, तो निःश्वास आणि ही मोडलेली वाडी ह्यांचा एकमेकांशीं कांहीं नैतिक संबंध आहे किंवा नाहीं?

प्रथम भाषेकडे पहा. आपण म्हणतों, ‘वादळ वळलें.’ हें क्रियापद मोठें सोयीचें आहे. कोणापासून वळलें हें त्यांत गृहीत असतें, आणि कोणाकडे वळलें हें त्यांत सांगावें लागत नाहीं. ‘आपल्यापासून’ हा शब्द बोलणाराच्या मनांत असतो, आणि ‘कोणावर’ ह्या शब्दाची जागा रिकामी राहते. पुष्कळ वेळां आपण ती जागा ‘समुद्रांत गेलें’ असें म्हणून भरतों, जणुं समुद्र ही निर्मनुष्य जागा आहे! २०२१ सालच्या मे महिन्यांत ‘तौक्ते’ हें वादळ मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रांतून उत्तरेस गेलें आणि १७ मेच्या रात्रीं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलें. त्या वेळींहि मुंबई वाचली असेंच म्हटलें गेलें. परंतु मुंबईजवळच्या तेलक्षेत्रांत पी-३०५ ह्या नांवाचा एक तराफा उभा होता. त्यावर २६१ माणसें होतीं. वादळाचा इशारा मिळालेला होता, तराफा मात्र समुद्रांतच राहिला. नांगराच्या सांखळ्या तुटून तो भरकटला आणि बुडाला. नौदलानें बहुतेकांना वाचविलें, तरी सत्तराहून अधिक जीव गेले. जगाच्या नकाशावर जेथें वादळ निःशंकपणें पाठवावें अशी रिकामी जागा आतां फारशी उरलेली नाहीं.

वादळाविषयीं मनुष्य तीन प्रकारच्या इच्छा करूं शकतो. पहिली, वादळ विरून जावें; दुसरी, तें माझ्यावर येऊं नये; आणि तिसरी, तें दुसऱ्यावर जावें. पहिली निर्दोष आहे आणि तिसरी सदोष आहे ह्याविषयीं वाद होण्याचें कारण नाहीं. खरी अडचण दुसरीची आहे, आणि आपण बहुतेक सर्वजण करतों ती दुसरीच. ती निर्दोष कीं सदोष हें माझ्या मतें ती करणाराला त्या वेळीं काय ठाऊक होतें ह्यावर अवलंबून आहे. वादळ भर समुद्रांत असून तें विरण्याचाहि संभव असेल, तर ‘माझ्यावर येऊं नये’ ही इच्छा पहिलीच्या जवळची आहे. परंतु तें किनारा गांठणार हें ठरलें आणि केवळ ठिकाण ठरावयाचें राहिलें, म्हणजे तीच इच्छा शब्द न बदलतां तिसरीच्या घरांत जाऊन बसते. २ जूनच्या रात्रीं स्थिति हीच होती. त्या रात्रीं ‘येथें नको’ ह्याचा अर्थ ‘तेथें जावो’ असाच होत होता, मग तो अर्थ इच्छा करणाराच्या ध्यानांत आलेला असो वा नसो.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, हा सर्व कीस व्यर्थ आहे. मनुष्याच्या इच्छेनें वारा हलत नाहीं; जिच्यापासून कोणाचें कांहीं बिघडत नाहीं त्या इच्छेला दोष कसला लावतां? आक्षेप सबळ आहे. म्हणूनच ज्या एका प्रसंगीं इच्छेला हात फुटल्यासारखें झालें तो प्रसंग पाहण्यासारखा आहे. १३ ऑक्टोबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं आणि सैन्याच्या वैमानिकांनीं किनाऱ्यापासून दूर चाललेल्या एका वादळावर विमानांतून कोरडा बर्फ टाकून पाहिला. वादळाचें बळ कमी करतां येतें काय हें त्यांना पाहावयाचें होतें. त्यानंतर वादळानें आपली दिशा बदलली आणि तें जॉर्जिया संस्थानांतील सॅव्हाना शहराजवळ जमिनीवर येऊन आदळलें. लोक खवळले, दावे लावण्याची भाषा सुरू झाली. पुढें तज्ज्ञांनीं दाखवून दिलें कीं, बर्फ टाकण्यापूर्वींच वादळ वळूं लागलें होतें आणि १९०६ सालींहि एका वादळानें जवळजवळ असाच मार्ग धरला होता. तेव्हां विमानें निर्दोष ठरलीं. परंतु आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. वादळ वळविण्यांत मनुष्याचा हात आहे अशी नुसती शंका येतांच सर्वांनीं त्या कृत्याला एकमुखानें अपराध म्हटलें. जें कृत्य हातानें केल्यास अपराध ठरतें, त्याची इच्छा केवळ हात पोंचत नाहीं म्हणून निष्पाप म्हणावयाची, हें तर्काला धरून नाहीं.

तथापि येथें एक मर्यादा घातली पाहिजे. भीतीच्या पहिल्या झटक्यांत मनांत जें उमटतें त्याचा झाडा घेणें हें नीतिशास्त्राचें काम नव्हे. अंगणांतलें झाड कडकडलें म्हणजे आई आपल्याच मुलाला पोटाशीं धरते. त्या वेळीं तिनें शेजारच्या मुलाचा विचार कां केला नाहीं असें विचारणारा पंडित मूर्ख म्हटला पाहिजे. इच्छेला वारा हलवितां येत नाहीं हेंहि खरें. पण ती इच्छा करणाराचें मन हलविते. ‘येथें नको’ असें ज्यानें दोन दिवस घोकलें, त्याच्या मनांतल्या नकाशावर आपल्या गांवाचा ठिपका ठसठशीत होतो आणि बाकीचा किनारा पुसट होत जातो. वादळ दुसरीकडे गेलें कीं त्याच्यापुरतें तें संपतें. त्याचें कुतूहल संपतें, त्याची वर्तमानपत्रांतील जागा कमी होते, आणि जेथें तें खरोखर सुरू झालें तेथें कोणाचें लक्षच राहत नाहीं. इच्छेचा दोष असा तिच्या परिणामांत नसून तिच्यामागून येणाऱ्या विस्मरणांत आहे.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवीन नाहीं. पटकीची सांथ आली म्हणजे मरीआईचा गाडा काढण्याची चाल महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवांत होती. गाडा वाजतगाजत गांवाच्या शिवेपर्यंत न्यावयाचा आणि शिवेपलीकडे ठेवून परत यावयाचें. पुढच्या गांवानें तो आपल्या शिवेपर्यंत ओढीत नेऊन त्यापुढच्या गांवाला द्यावयाचा. ह्या चालीला अडाणीपणा म्हणून आपण हंसतों. परंतु तींत एक प्रामाणिकपणा होता. गाडा कोठें जात आहे हें ओढणाराला ठाऊक असे. ‘सांथ वळली’ असें म्हणून तो स्वतःला फसवीत नसे. गाड्यानें सांथ मात्र कधीं गेली नाहीं. ती गेली शुद्ध पाण्यानें. गाडा आणि शुद्ध पाणी ह्यांतील भेद हाच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे: एका उपायानें संकट जागा बदलतें, दुसऱ्यानें संकट कमी होतें.

हाच भेद आपल्या संतवाङ्‌मयांत किती उंच पातळीवर जाऊन पोंचला आहे पहा! ज्ञानेश्वरांनीं ग्रंथसमाप्तीच्या वेळीं जें पसायदान मागितलें त्यांत दुष्टांचा नाश मागितला नाहीं, आणि दुष्ट आमच्यापासून दूर जावेत असेंहि मागितलें नाहीं. त्यांचा दुष्टपणाच गळून पडावा असें मागितलें. मागण्याची ही रीत केवळ कोमल अंतःकरणाची खूण नाहीं. ती तर्काच्या दृष्टीनेंहि निर्दोष आहे. ज्या मागण्याची पूर्तता झाल्यानें दुसऱ्या कोणाला किंमत द्यावी लागत नाहीं तेवढेंच मागणें सर्वांच्या वतीनें करतां येतें. ‘वादळ विरो’ ही प्रार्थना अलिबागकर, मुंबईकर, श्रीवर्धनकर आणि समुद्रांतला खलाशी हे सर्व एका आवाजांत करूं शकतात. ‘वादळ वळो’ ही प्रार्थना प्रत्येकाला वेगवेगळी करावी लागते, आणि प्रत्येकाची प्रार्थना दुसऱ्याच्या प्रार्थनेवर पाय देऊन उभी असते.

येथें हिशेबी बुद्धीचा मनुष्य पुढें येतो. तो म्हणतो, ‘भावना बाजूला ठेवा. २०११ च्या जनगणनेप्रमाणें मुंबई शहरांत सवा कोटीच्या जवळपास माणसें होतीं. त्यांतील लाखों माणसें सखल जागीं, पत्र्याच्या छपराखालीं राहतात. वादळ कोठेंतरी यावयाचेंच होतें, तर तें विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर आलें हें बरें नव्हे काय?’ ह्या हिशेबांत खोट काढणें सोपें नाहीं, आणि ती काढण्याची मला गरजहि वाटत नाहीं. परंतु हिशेब मांडणाऱ्यानें तो पुरा मांडावा एवढेंच म्हणणें आहे. आमच्या मावळाच्या शेजारीं मुळशी आहे. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटा कंपनीच्या धरणाखालीं तेथील गांवें आणि भाताचीं खाचरें जाणार होतीं. त्याविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापति बापट त्याचे अग्रणी झाले. तेथेंहि युक्तिवाद हाच होता: थोड्यांचें गेलें, पुष्कळांना मिळालें. पुष्कळांना मिळालें हें खरें होतें. पण ज्या हिशेबांत थोड्यांचें ‘गेलें’ हें नांवें मांडलें जात नाहीं तो हिशेब अपुरा असतो. धरणाची जागा माणसानें ठरविली आणि वादळाची वाऱ्यानें. म्हणून दोहोंतील अपराध सारखा नाहीं. परंतु थोड्यांच्या वांट्याला जें आलें त्यानें पुष्कळांचा भार हलका झाला, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच आहे; आणि हिशेबी मनुष्य तर ती स्वतःच्या तोंडानें कबूल करतो. मग हलक्या झालेल्या भाराबद्दल त्यानें कांहीं द्यावें असें म्हटल्यास त्याला रागावण्याचा अधिकार नाहीं.

आतां सुटकेच्या आनंदाविषयीं. लुक्रेशियस ह्या प्राचीन रोमन कवीनें आपल्या तत्त्वज्ञानपर काव्याच्या दुसऱ्या भागाचा आरंभच अशा दृश्यानें केला आहे: समुद्र खवळलेला आहे, दुसरा कोणी त्यांत झुंजत आहे, आणि आपण जमिनीवरून पाहत आहोंत. ह्या पाहण्यांत एक सुख आहे असें तो म्हणतो. पण तें दुसऱ्याच्या दुःखाचें सुख नसून आपण त्या दुःखापासून मुक्त आहोंत ह्या जाणिवेचें सुख आहे, असा खुलासाहि करतो. हा खुलासा मान्य करण्यास हरकत नाहीं. वाचल्याचा आनंद हा पाप नव्हे. परंतु त्या चित्रांतील पाहणारा किनाऱ्यावर अगदीं स्वस्थ उभा आहे, आणि समुद्राची हद्द तेथें संपते असें त्यानें धरून ठेवलें आहे. ३ जूनचें वादळ किनाऱ्यावर थांबलें नाहीं. अलिबागपासून बेगडेवाडी सरळ रेषेंत शंभर किलोमीटरांच्या आंत आहे, आणि मध्यें सह्याद्रि उभा आहे. त्या भिंतीच्या भरवंशावर मावळांतील पुष्कळजण समुद्राच्या बातम्या परदेशच्या बातम्यांसारख्या वाचीत होते. दुपारनंतर वादळ घाट चढून आलें. सायंकाळीं पुणें जिल्ह्यावर असतांना तें क्षीण झालें होतें, तरी त्याचें चक्रीवादळपण गेलें नव्हतें. मावळांतील गुलाबांच्या पॉलिहाऊसांचे कागद फाटून लोखंडी सांगाडे वांकले, घरांचे पत्रे उडाले, खांब पडले, आणि जिल्ह्यांत मनुष्यहानीहि झाली. सूप आणि जातें ह्यांच्यामधील अंतर आपण समजतों तेवढें नसतें.

परंतु हा मुद्दा मी मुख्य मानीत नाहीं. तो मुख्य मानला तर आपण पुन्हा म्हणीच्या भीतीवर येऊन ठेपूं: ‘तुमच्यावरहि येईल, म्हणून दुसऱ्याला मदत करा.’ ज्याच्यावर खरोखर कधींच येणार नाहीं त्याला ह्या युक्तिवादानें बांधतां येत नाहीं. त्याला बांधणारें कर्तव्य दुसरीकडे शोधलें पाहिजे, आणि तें इशाऱ्याच्या घटकेंतच सांपडतें असें मला वाटतें.

इशारा ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. हवामान खात्याची स्थापना १८७५ सालीं झाली. त्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें, आणि पुढें तें दिल्लीस गेलें तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. हें खातें, त्याचे उपग्रह, त्याचीं यंत्रें हीं सर्वांच्या पैशानें उभीं राहिलीं आहेत, आणि इशारा देतांना तें महाल आणि झोंपडी असा भेद करीत नाहीं. २ जूनच्या रात्रीं सर्व किनारा एकाच अनिश्चिततेच्या छत्राखालीं होता. कोण वाचणार आणि कोण मोडणार हें कोणालाच ठाऊक नव्हतें. त्या रात्रीं ह्या सर्वांना एके ठिकाणीं बसवून विचारलें असतें कीं, ‘उद्यां तुमच्यांतील कांहींजण वाचतील आणि कांहींचा संसार मोडेल. वाचलेल्यांनीं मोडलेल्यांसाठीं काय करावें?’ तर उत्तर एकच आलें असतें. मुंबईंतील धनिकहि म्हणाला असता कीं, वाचलेल्यानें सढळ हातानें द्यावें. कारण आपण घेणाऱ्यांत कीं देणाऱ्यांत हें त्यालाहि माहीत नव्हतें. तोच प्रश्न ४ जूनला विचारला, तर उत्तरें वेगवेगळीं येतात. मग ह्यांतील न्याय्य उत्तर कोणतें? स्वतःचा लाभ कोणत्या बाजूला आहे हें कळण्यापूर्वीं दिलेलें, कीं कळल्यानंतर दिलेलें? पंच नेमतांना ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याला आपण वगळतों. त्याच न्यायानें ४ जूनच्या मनाला वगळून २ जूनच्या मनाचा निवाडा प्रमाण धरला पाहिजे.

विम्याची पद्धत ह्याहून निराळी नाहीं. हजार लोक हप्ता भरतात, एखाद्याचें घर जळतें, आणि उरलेले आपला हप्ता त्याच्याकडे गेला म्हणून फसविलें गेल्याचें मानीत नाहींत. संकटाचा इशारा झालेला किनारा हें असेंच एक न लिहिलेलें विमामंडळ आहे. ज्याच्यावर वादळ गेलें नाहीं त्यानें हप्ता भरावयाचा असतो. हें दान नव्हे, कारण दान देणाराच्या मर्जीवर असतें. आणि मोडलेल्यानें घ्यावयाचें तें भीक नव्हे. ह्याच दृष्टीनें पाहिलें म्हणजे ‘इशारा खोटा ठरला’ ही तक्रारहि फोल ठरते. ज्यांनीं घर सोडून शाळेंत रात्र काढली आणि सकाळीं येऊन पाहतात तों कौलहि हललेलें नाहीं, त्यांना कोणी फसविलें नाहीं. वर्षभर घर जळलें नाहीं म्हणून कोणी विम्याच्या कचेरीवर फिर्याद करीत नाहीं.

हप्ता किती, हाहि प्रश्न नीतीचाच आहे. कारण मोजमापांत पुष्कळदां अन्याय लपतो. निसर्ग वादळानंतर राज्य शासनानें फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. ऐकतांना ही रक्कम लहान वाटत नाहीं. परंतु कोंकणांतील पोफळीची वाडी हेक्टरांत मोजावी लागत नाहीं. ती गुंठ्यांत असते. हेक्टरचे जवळजवळ शंभर गुंठे होतात. तेव्हां दहा गुंठ्यांच्या धन्याला ह्या मापानें पांच हजारांच्या आसपास मिळावयाचे, आणि त्याच्या दहा गुंठ्यांत शंभराहून अधिक पोफळी सहज असावयाच्या. मोडलेलें झाड तोडून उचलून नेण्याची मजुरी तरी त्यांत भागेल काय? म्हणूनच तेथील लोक झाडागणिक मदत मागत होते, आणि त्यांचें मागणें रास्त होतें. वाचलेल्यानें मोजमाप ठरवितांना आपल्या सोयीचा गज घेऊं नये. ज्याचें मोडलें त्याच्या वाडींत जाऊन तेथला गज घ्यावा.

ह्यावर व्यवहारी वाचक विचारील कीं, हें सर्व कबूल, पण सामान्य कुटुंबानें करावयाचें काय? उत्तरासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे नवस बोलण्याची जुनी रीत आहे. संकट समोर दिसतें तेव्हां मनुष्य देवाला सांगतो, ‘एवढ्यांतून सोडव, म्हणजे मी अमुक करीन.’ नवसावर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा हा वाद येथें नको. परंतु ह्या रीतींत एक खोल शहाणपण आहे: देण्याचें वचन भीतीच्या घटकेला, म्हणजे मन मोठें असतें तेव्हां, बांधून घ्यावयाचें, आणि तें फेडावयाचें सुटकेनंतर, म्हणजे मन पुन्हा लहान होऊं लागतें तेव्हां. फेडल्याशिवाय नवसाचें ओझें उतरत नाहीं हें आपल्या आजीबाई आपणां सर्वांना सांगत आल्या आहेत. वेधशाळेचा पुढचा इशारा येईल त्या रात्रीं घरांतल्या मोठ्या माणसांनीं मेणबत्त्या, पाण्याचे हंडे आणि औषधें ह्यांची जुळवाजुळव करतांना मुलांच्यादेखत एवढें आणखी ठरवावें कीं, वादळ आपल्यावर आलें नाहीं तर आपण अमुक देऊं, किंवा अमुक दिवस जाऊन अमुक काम करूं. मागावयाचें तें वादळ विरावें असेंच मागावें. आणि विरलें नाहीं, वळलें, तर तो नवस कोणत्या देवळांत फेडावयाचा हें तें ज्या वाटेनें गेलें ती वाटच दाखवील. तें ज्याच्यावर गेलें त्याच्या दारीं तो नेऊन पोंचता करावा.